मैदान जनतेचे, मग तिकीट कुणाचे?

वानखेडेवर भारताचा सामना जाहीर झाला की आमच्या एका स्नेह्यांचा फोन ठरलेला. "वकीलसाहेब, यंदा तरी जमेल काय?" हे गृहस्थ महापालिकेच्या घनकचरा खात्यात नोकरीला आहेत. वडील गिरणीत होते. घरात टीव्ही यायच्या आधीपासून क्रिकेट होते, कारण रेडिओ होता. आज वय पंचावन्नच्या घरात, पण कुठल्या कसोटीत कुणी किती बळी घेतले हे त्यांना विचारावे, पुस्तक उघडायची गरज नाही. पहाटेची पाळी संपवून आले की आधी स्कोअर, मग चहा.

त्यांनी वानखेडेवर पाहिलेला मोठा सामना एकच. ५ नोव्हेंबर १९८७, विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारत विरुद्ध इंग्लंड. वडिलांनी आदल्या रात्रीपासून रांगेत उभे राहून दोन तिकिटे काढली होती. त्या दिवशी गूचने स्वीप मारून मारून आपल्या फिरकीची धूळधाण केली आणि भारत ३५ धावांनी हरला. बापलेक रडवेले होऊन घरी आले. पण तो दिवस ते आजही सणासारखा सांगतात. गिरणीत साचे चालवणारा माणूस आपल्या पोराला विश्वचषकाची उपांत्य फेरी दाखवू शकत होता, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

आता त्यांची मुलगी एकोणीस वर्षांची आहे. कॉलेजच्या संघात गोलंदाजी करते. बापाने आपल्याला जे दाखवले ते आपण लेकीला दाखवावे एवढीच त्यांची इच्छा. काही वर्षांपूर्वी त्यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. पगारातून दोन हजार रुपये बाजूला ठेवले. तिकीट खिडकी नव्हती, सगळी विक्री इंटरनेटवर. ठरलेल्या वेळी बाप, लेक आणि पुतण्या तीन मोबाइल घेऊन बसले. पडद्यावर आकडा आला, तुमच्यापुढे रांगेत इतके हजार लोक. तासाभराने नंबर लागला तेव्हा स्वस्त जागा संपलेल्या. उरलेल्या तिकिटाचा एकाचाच दर त्यांच्या दोघांच्या पैशांपेक्षा जास्त. विचार करेपर्यंत तीही गेली.

मग ते ओळखीच्या ओळखीने एका क्लबच्या चिटणीसाकडे गेले. तिथे उत्तर मिळाले की सभासदांनाच पुरत नाहीत, तुम्हाला कुठून देऊ? शेवटी सामन्याच्या दिवशी लेकीला घेऊन चर्चगेटला उतरले. तिकिटे होती. कानाशी येऊन पुटपुटणाऱ्या माणसांच्या खिशात होती, छापील दराच्या कितीतरी पट भावाने. खरे की खोटे याची खात्री नाही. ते परत फिरले नाहीत. रेल्वे मार्गाच्या बाजूला, भिंतीबाहेर लेकीसह उभे राहिले. आत गलका झाला की मुलगी मोबाइलवर बघायची. मोबाइलवर विकेट पडायची ती काही सेकंदांनी. ती म्हणाली, "पप्पा, आवाज आधी येतो, चित्र मागून येते." हे आम्हाला सांगताना ते हसत होते. आम्हाला हसू आले नाही.

काही वाचक म्हणतील, चळवळीला दुसरे प्रश्न उरले नाहीत काय? शिष्यवृत्त्या रखडतात, अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षे उभे राहत नाहीत, नोकऱ्या कंत्राटी झाल्या, आणि तुम्ही क्रिकेटच्या तिकिटावर लिहिता? शंका रास्त आहे. भाकरीचा प्रश्न आणि तिकिटाचा प्रश्न एका तागडीत तोलायचे नाहीत हे आम्हाला कळते. पण माणूस केवळ भाकरीसाठी जगत नाही, हेही आपल्याच चळवळीने शिकवले. सार्वजनिक जागेत मान वर करून बसण्याचा हक्क हा आपल्या लढ्याचा पहिल्यापासूनचा विषय आहे. आणि मैदान ही सार्वजनिक जागा आहे की नाही, हाच या लेखाचा मुद्दा आहे.

मैदानाचा आणि आपला संबंध जुना आहे. पुण्याच्या युरोपियनांच्या जिमखान्यात मैदानाची निगा राखणारा एक चर्मकार तरुण साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत असे. तो बाळू पालवणकर. त्याच्या डावखुऱ्या फिरकीवर सामने जिंकायचे, पण चहाच्या वेळी त्याला तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा द्यायचा, असा त्या काळच्या हिंदू खेळाडूंचा न्याय होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूने ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. त्यासाठी भावांना झगडावे लागले, १९२० मध्ये खेळण्यास नकार द्यावा लागला, तेव्हा कुठे १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. तो राजकारणाचा वेगळा विषय आहे. इथे सांगायचे ते एवढेच की खेळाच्या मैदानात आत कोण आणि बाहेर कोण हे या देशात केवळ गुणवत्तेवर कधीच ठरले नाही. तेव्हा दारावर जात उभी होती. आज दारावर पैसा आणि वशिला उभे आहेत. आणि वशिला कुणाकडे जास्त, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

आता वानखेडेची गोष्ट. मुंबईत कसोटी सामने पूर्वी ब्रेबॉर्न स्टेडियमवर होत. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. सामने भरवायचे मुंबईच्या क्रिकेट संघटनेने आणि जागा द्यायच्या क्लबने, त्यामुळे तिकिटांच्या वाटपावरून दोघांत वर्षानुवर्षे भांडण. आम्हाला वाट्याला येतात त्या जागा फार थोड्या, अशी संघटनेची तक्रार होती. शेवटी विधानसभेचे तत्कालीन अध्यक्ष बॅ. शेषराव वानखेडे यांनी पुढाकार घेतला आणि ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर वर्षभराच्या आसपास नवे स्टेडियम उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. म्हणजे वानखेडे स्टेडियम जन्मालाच आले ते तिकिटांच्या न्याय्य वाटपाच्या नावाने! बड्यांच्या क्लबने अडवलेल्या जागा मोकळ्या व्हाव्यात म्हणून जे मैदान बांधले, त्याच मैदानाबाहेर आज सफाई कामगार आणि त्याची लेक उभी आहे. याला काय म्हणावे?

२०११ सालचे उदाहरण घ्या. विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर. नूतनीकरणात स्टेडियमची क्षमता कमी होऊन सुमारे ३३ हजारांवर आली होती. त्यातून सर्वसामान्य जनतेला विक्रीसाठी किती तिकिटे ठेवली? अवघी चार हजार. बाकीची संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय परिषद, मंडळ, प्रायोजक यांच्या वाट्याला. जी थोडी इंटरनेटवर आली ती घेण्यासाठी एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळच बंद पडले. त्याच फेब्रुवारीत बंगळुरूला भारत-इंग्लंड सामन्याच्या तिकिटांसाठी रात्रभर रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ज्यांना पास घरपोच मिळाले त्यांच्या अंगावर एक वळ उठला नाही. लाठी खाल्ली ती पैसे देऊन तिकीट मागणाऱ्याने.

मग सुधारणा झाल्याच नाहीत काय? झाल्या, आणि त्याही न्यायालयाच्या दट्ट्यामुळे. क्रिकेट मंडळ ही घटनेच्या कलम १२ प्रमाणे 'राज्यसंस्था' नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात म्हटले होते. परंतु जानेवारी २०१५ मध्ये बिहार क्रिकेट संघटनेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे काम करते आणि म्हणून कलम २२६ खाली उच्च न्यायालयात त्याला जाब विचारता येतो. त्यातून न्या. लोढा समिती आली आणि २०१८ मध्ये मंडळाची नवी घटना आली. त्या घटनेप्रमाणे ९० टक्के तिकिटे विक्रीला ठेवायची आणि फुकट पास फक्त १० टक्के. एवढ्या एका नियमाने केवढा गहजब झाला पाहा. त्याच वर्षी ऑक्टोबरमधला इंदूरचा एकदिवसीय सामना फुकट पासांच्या भांडणापायी विशाखापट्टणमला हलवावा लागला. सामना गेला तरी चालेल, पण पास सोडणार नाही! ज्यांना आरक्षण या शब्दाची ॲलर्जी आहे, त्यांचे हे स्वतःचे आरक्षण. याला ना गुणवत्तेची अट, ना उत्पन्नाची मर्यादा.

आणि 'विक्रीला' म्हणजे कुणाला विक्रीला? क्लबला पैसे घेऊन तिकीट दिले तर तीही विक्रीच. कागदावर नियम पाळला जातो आणि खिडकीवर तिकीट येत नाही. २०२३ च्या विश्वचषकात कोलकात्याच्या भारत-दक्षिण आफ्रिका सामन्याच्या वेळी काळ्या बाजाराच्या एवढ्या तक्रारी आल्या की पोलिसांनी ब्लॅकवाल्यांना अटक केली आणि थेट मंडळाच्या अध्यक्षांना नोटीस पाठवून तिकीट विक्रीची माहिती मागवली. ब्लॅकवाला पकडला जातो हे ठीक. पण त्याच्या हातात गठ्ठा देणारा कोण, हा प्रश्न दरवेळी सामन्याबरोबर संपतो.

मंडळाची बाजू घेणारे सांगतात की खासगी संस्था आहे, माल त्यांचा, दर त्यांचा, परवडत नसेल तर टीव्हीवर बघा. इथे आमच्यातला वकील जागा होतो. माल त्यांचा कसा? वानखेडेची जमीन सरकारी आहे, भाडेपट्ट्याने दिलेली. पन्नास वर्षांचा पट्टा २०१८ मध्ये संपला आणि २०१९ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी सुमारे १२० कोटींच्या थकबाकीची नोटीस काढली, हे वृत्तपत्रांतून गाजले. सामन्याला बंदोबस्त मुंबई पोलिसांचा. त्या बंदोबस्ताचे दर राज्य सरकारने जून २०२३ मध्ये कमी केले, आणि तेही २०११ पासून मागल्या तारखेने! त्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि न्यायालयाने सरकारला जाब विचारला. झोपडपट्टीतल्या माणसाला पाणीपट्टीची थकबाकी अशी माफ झाल्याचे कुणाच्या ऐकण्यात आहे काय? सामना संपल्यावर रस्त्यावरचा कचरा उचलतात ते महापालिकेचे कामगार, म्हणजे आमच्या स्नेह्यांचेच सहकारी. जमीन जनतेची, पोलीस जनतेचे, झाडू जनतेचा. मग आतली खुर्चीच तेवढी खासगी कशी?

मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. त्याचे तत्त्व असे होते की सरकारी पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असल्या पाहिजेत. चवदार तळ्याच्या सत्याग्रहामागे तो ठराव होता. पाण्याची आणि तिकिटाची तुलना आम्ही करत नाही, ती कोणी करूही नये. तत्त्व मात्र ध्यानात घ्यावे. जिथे जनतेचा पैसा, तिथे जनतेला दार. पुढे घटनेच्या कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबर 'सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे' हे शब्द आले. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणाने तिथे कुणालाही मज्जाव करता येणार नाही. प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की हे कलम पैशाच्या भिंतीबद्दल बोलत नाही. महागड्या तिकिटाविरुद्ध कलम १५ घेऊन न्यायालयात गेलो तर न्यायाधीश दुसऱ्या मिनिटाला खाली बसवतील. म्हणून ही लढाई त्या कलमाच्या अक्षरावर नाही, त्याच्या हेतूवर लढावी लागेल, आणि ती न्यायालयापेक्षा रस्त्यावर व सरकारदरबारी लढावी लागेल.

दर कमी केले तर खेळ बुडेल, हा दुसरा बहाणा. खेळ चालतो कशावर? २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्यापुढे उत्तर बाजूच्या गॅलरीतल्या काही हजार तिकिटांचे मोल ते काय? उलट टीव्हीवर जो आवाज विकला जातो, तो गॅलरीतल्या माणसाचा असतो. स्वस्त तिकिटाने काय होते ते २०२५ च्या महिला विश्वचषकाने दाखवले. त्या स्पर्धेची तिकिटे शंभर रुपयांपासून ठेवली होती. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून चषक उचलला तेव्हा स्टेडियम भरलेले होते. आमच्या स्नेह्यांच्या मुलीने साखळीतला एक सामना शंभर रुपयांत पाहिला. अंतिम सामना मात्र घरीच पाहिला, कारण सामना मोठा झाला की तिकिटाची तीच जुनी कथा सुरू होते. पण शंभर रुपयांत सामना दाखवता येतो, हे आता सिद्ध झाले आहे.

परदेशात काय झाले तेही पाहू. इंग्लंडमध्ये फुटबॉल हा कामगारांचा खेळ. लिव्हरपूलच्या मालकांनी २०१६ मध्ये पुढच्या हंगामासाठी ७७ पौंडांचे तिकीट जाहीर केले. ६ फेब्रुवारीच्या सामन्यात ७७ वे मिनिट लागताच सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून बाहेर चालते झाले. त्या वेळी त्यांचा संघ दोन गोलांनी पुढे होता. उरलेल्या वेळात ती आघाडी गेली आणि सामना बरोबरीत सुटला. काही दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी तिथल्या प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी तिकिटाची कमाल किंमत ३० पौंड ठरवली. फुटबॉल सामन्याचे तिकीट परवानगीविना विकणे हा इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्ध देशभर लागू असा स्वतंत्र कायदा नाही. तिथला प्रेक्षक आपल्यापेक्षा श्रीमंत होता म्हणून जिंकला नाही. तो संघटित होता म्हणून जिंकला. हा धडा आपल्याला नवा नाही.

मुंबईच्या आयपीएल संघाच्या एका सामन्याला स्वयंसेवी संस्थांमार्फत हजारो गरीब मुलांना वानखेडेवर बोलावण्याचा उपक्रम चालतो. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो, त्याबद्दल आम्ही वाकडे बोलणार नाही. पण वर्षातून एक दिवस दयेने उघडणारे दार हे आपले दार नव्हे. आमचे स्नेही फुकट काही मागत नाहीत. ते पैसे घेऊन रांगेत उभे आहेत. त्यांना रांगेत आपला नंबर हवा आहे, बस्स.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक सामन्याआधी एकूण जागा किती, क्लबला किती, प्रायोजकांना किती, फुकट पास किती आणि जनतेला किती, हा तक्ता जाहीर व्हावा. एक संपूर्ण गॅलरी स्वस्त दरासाठी राखावी आणि दर पाचशे रुपयांच्या आत असावा. मान्यताप्राप्त क्रीडा सामन्यांच्या पाचशेपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाहीच, म्हणजे सरकारने स्वतःच सामान्यांच्या तिकिटाची रेघ आखून दिली आहे. आयपीएलच्या तिकिटावर मात्र सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के कर आहे, तिथे गरिबाचा विचारच संपला. स्वस्त तिकिटांची विक्री ज्याचे बोट वेगवान आणि इंटरनेट जोरात त्याला, अशी न करता नावे नोंदवून सोडतीने करावी, म्हाडाच्या घरांसारखी. काही तिकिटे ओळखपत्रावर खिडकीतून द्यावीत. तिकिटांचा काळा बाजार रोखणारा कायदा राज्याने करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरकारी जमिनीच्या भाडेपट्ट्यात आणि बंदोबस्ताच्या सवलतीत या अटी लेखी घालाव्यात. सवलत हवी असेल तर स्वस्त गॅलरी दाखवा, नाही तर पूर्ण पैसे भरा.

मंडळाला माहिती अधिकार लागू करावा, असे विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७५ व्या अहवालात सुचवले होते. पण २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांपुरताच तो अधिकार ठेवला गेला आणि मंडळ पुन्हा निसटले. त्याने निराश होण्याचे कारण नाही. मंडळ निसटले तरी जिल्हाधिकारी कार्यालय निसटलेले नाही, पोलीस आयुक्तालय निसटलेले नाही. पट्ट्याच्या अटी काय, भाडे किती, थकबाकी किती, बंदोबस्ताचे किती वसूल झाले आणि किती सोडले, हे सारे तिथे दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. नागपूर, पुणे, नवी मुंबई, जिथे जिथे मोठे सामने होतात तिथल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या मैदानाची जमीन कुणाची आहे याचा असाच शोध घ्यावा.

गेल्या रविवारी आमच्या स्नेह्यांच्या घरी बसून आम्ही अशा पहिल्या अर्जाचा मसुदा केला. अर्जदार म्हणून ते आपले नाव घालतील असे वाटले होते. त्यांनी कागद लेकीकडे सरकवला. तिने सावकाश वाचला, थकबाकीच्या प्रश्नापुढे आणखी एक प्रश्न स्वतःहून जोडला आणि खाली सही केली. तिने जोडलेला प्रश्न असा : सदर पट्ट्यात सर्वसामान्य जनतेसाठी किती जागा राखून ठेवण्याची अट आहे, असल्यास तिची प्रत मिळावी, नसल्यास का नाही?